लेकराच्या तोंडातली जखम



ऊस पिवळा पडला म्हणून आपण लगेच युरियाचं पोतं फोडत नाही. पाणी साचलंय का, लोह कमी पडलंय का, मुळाशी हुमणी आहे का, हे पाहून मग ठरवतो. घरातल्या, शेजारच्या किंवा फडावरच्या कोपीतल्या लेकराच्या तोंडाला जखम दिसली, तर हीच रीत ठेवावी.

चालायला शिकणारं पोर पडतंच. ओठ फुटतो, दात हलतो, वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी आतली पातळ पट्टी फाटते. नुसत्या तेवढ्यावरून मारहाण झाली असे डॉक्टरही ठरवीत नाहीत. पण जे मूल अजून रांगतही नाही, त्याच्या तोंडात अशी जखम झाली कशी, हे विचारलेच पाहिजे. थप्पड मारल्याने, रडू नये म्हणून तोंड दाबल्याने किंवा चमचा-बाटली जोराने कोंबल्यानेही ती होते.

जखमेबरोबर पुढील खुणा असल्यास अधिक सावध व्हावे :

१) कान, मान, गालावर वळ किंवा काळे-निळे डाग. पडलेल्या पोराला बहुधा गुडघा, नडगी, कपाळाला लागते.

२) ओठांच्या कोपऱ्यांवर तोंड बांधल्याचे व्रण, ओठ-जिभेवर भाजल्याच्या खुणा.

३) दर वेळी बदलणारी किंवा मुलाच्या वयाला न पटणारी हकिकत.

४) दवाखान्यात नेण्यास उशीर. मात्र ऊसतोड मजुराला गाव परके असते आणि खाडा परवडत नाही. त्यामुळे नुसत्या उशिरावरून त्याला दोष देऊ नये. मारहाण कोपीत होते तशी माडीच्या घरातही होते.

शंका आली तर आरडाओरडा नको, पोराला उलटसुलट प्रश्नही नकोत. आधी डॉक्टरकडे न्यावे आणि पाहिले ते सारे सांगावे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा फोन रात्रंदिवस फुकट लागतो. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडेही जाता येते.

"माझं पोर, मी मारीन, तुम्ही कोण?" असे कुणी म्हणेल. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे, आपल्या ताब्यातील मुलाला मारहाण करून त्याचे हाल करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आई-बापही त्यातून सुटत नाहीत.

भावकीत वाईटपणा येईल म्हणून आपण गप्प बसतो. पण तान्ह्या लेकराला स्वतःचं गाऱ्हाणं सांगता येत नाही. ते पाहणाऱ्यानेच सांगायचे असते.

— ऊस विकास अधिकारी