एचआयव्ही एक की दोन? रिपोर्टमधला आकडा नीट वाचा

आंबोली घाट उतरून दोडामार्गाकडे गेले की २०१६ पासून माकडतापाची धास्ती. त्याचा विषाणू आरएनएचा, एचआयव्हीही आरएनएचाच. पण माकडतापाचा विषाणू रेट्रोव्हायरस नव्हे. रेट्रोव्हायरस आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो थेट आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवतो. तिथून त्याला हुसकावता येत नाही, म्हणून एचआयव्हीच्या गोळ्या जन्मभर.

या कुटुंबातले अल्फा पक्ष्यांचे, एप्सिलॉन माशांचे. बीटा, गॅमा, डेल्टा, लेंटी आणि फोमी हे सस्तन प्राण्यांत आढळतात. घरच्या मांजराला गॅमा गटातला ल्युकेमियाचा विषाणू होऊ शकतो, तसाच लेंटी गटातला एफआयव्हीही. (तो माणसाला होत नाही, घाबरू नका.)

एचआयव्ही लेंटी गटातला. त्यातही दोन. एचआयव्ही-१ चे मूळ चिंपांझी-गोरिलांच्या विषाणूंत, एचआयव्ही-२ चे पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे माकडाच्या. भारतात बहुतांश रुग्ण पहिल्याचे. दुसऱ्याची नोंद १९९१ मध्ये मुंबईतून झाली. तो संथ असतो, पण नेव्हिरापिन आणि एफाविरेन्झ त्याच्यावर चालत नाहीत. आता दिले जाणारे डोल्युटेग्रॅव्हिर दोघांवर चालते, हे बरे झाले.

अडचण उरते ती तपासणीत. नेहमीची ‘व्हायरल लोड’ चाचणी एचआयव्ही-१ च मोजते. एचआयव्ही-२ च्या रुग्णाच्या रिपोर्टवर ‘विषाणू आढळला नाही’ असे येऊ शकते आणि आजार मात्र वाढत असतो. अशा रुग्णाने सीडी-४ ची तपासणी चुकवू नये.