साज घेताना घासाघीस कशात?

पाहुणे आले, अंबाबाईचं दर्शन झालं, की पावलं आपसूक महाद्वार रोडवरून गुजरीकडे वळतात. आम्हां शाहूपुरीतल्या बायकांना तर सोबतीला हमखास बोलावणं! पॉलिशचा साज आठवण म्हणून घ्यायचा, तर खुशाल निम्म्या किमतीपासून सुरुवात करावी. सोन्याचं मात्र तसं नाही. सोन्याचा भाव त्या दिवसाचा ठरलेला असतो. घासाघीस करायची ती घडणावळीत. ती दुकानागणिक बदलते, म्हणून आधी दोन-तीन दुकानं हिंडावीत.

दुसरी गोष्ट लाखेची. साजाची पानं, बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात. त्यांत लाख भरतात. लाखेसकट वजनाला सोन्याचा भाव लावला, तर मोडायच्या वेळी लाख वजा होते आणि नुकसान आपल्या पदरी! तेव्हा निव्वळ सोन्याचं वजन पावतीवर वेगळं लिहून घ्यावं. बावीस कॅरटवर ९१६ चा शिक्का पाहावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कमध्ये सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असावा लागतो. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो घरबसल्या पडताळता येतो. हुपरीची पैंजणं घेतानाही नुसती नक्षी पाहून भुलू नये, चांदीचा टंच विचारावा.

आणि मैत्रिणींनो, पावती स्वतःच्या नावावर करून घ्या. घरात कुणी नाक मुरडलं तरी चालेल. दागिना आपलं स्त्रीधन. अडीनडीला तो आपलाच आहे हे सांगायला कागद हाताशी हवा.