खोक्याचे वजन

दिवाळीत सांताक्रूझ स्टेशनाबाहेर मिठाईसाठी झुंबड उडते. समजा, बर्फी 800 रुपये किलो आणि रिकामे खोके 50 ग्रॅमचे. खोक्यासकट तोलले, तर गिऱ्हाईक पुठ्ठ्याचे 40 रुपये मोजते. 1 एप्रिल 2011 पासून लागू असलेल्या वैध मापनशास्त्र कायद्याप्रमाणे वजन निव्वळ मालाचेच धरायचे. ‘सगळेच असे करतात, खोके काय फुकट येते?’ असे दुकानदार म्हणेल. खर्च खरा आहे. तो भावात उघड धरावा, वजनात लपवू नये. खोके ठेवून काटा शून्यावर आणायला एक बटण पुरते. ते दाबू नकोस, असे नोकराला शिकवणाऱ्याने एवढेच लक्षात ठेवावे: गल्ल्यावरही उद्या तोच हात असणार आहे.