न विकण्याच्या अटीवर दिलेली जमीन

१३ मार्च १७१४ रोजी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्त्यात, कोर्नेलिस शास्तेलाइन या डच जमीनदाराने मृत्युपत्र केलं. आपल्या पश्चात आपले गुलाम मुक्त व्हावेत, शहराच्या दक्षिणेकडची डेपोकची जमीन त्यांच्यातल्या ख्रिस्ती झालेल्यांना सामायिक मिळावी आणि ती कोणीही, कधीही विकू नये, असं त्यात लिहिलं होतं. साडेतीन महिन्यांनी, २८ जूनला, तो वारला. जमिनीच्या जुन्या कागदांचा मला नाद आहे, पण या एका कागदाने कित्येक वर्षं पिच्छा पुरवला आहे. कारण त्याच डेपोकच्या गल्ल्यांत आज 'दिजुआल' अशा पाट्या टांगलेल्या असतात. घर विकणे आहे, जमीन विकणे आहे.

डेपोक आता वीस लाखांवर वस्तीचं शहर आहे. १९७६ मध्ये पेरुमनास या सरकारी गृहनिर्माण संस्थेची घरं आली, १९८७ मध्ये इंडोनेशिया विद्यापीठाचं मुख्य आवार आलं, १९९९ मध्ये शहराचा दर्जा आला. मार्गोंडा रस्त्यावर मॉल आणि टोलेजंग इमारतींची दाटी आहे. पण आत वळलं की आवाज मागे पडतो. विद्यापीठाच्या तीनशेहून अधिक हेक्टरांत झाडी आणि तळी आहेत. त्याला चिकटून कुकुसान आणि रुळांमागचं 'बारेल' अशा वस्त्या. तिथे घरमालक खोल्या काढून विद्यार्थ्यांना महिन्याच्या भाड्याने देतात. या खोल्यांना 'कोस' म्हणतात, आणि कोसच्या उत्पन्नावर अनेकांचं म्हातारपण निभावतं. गल्लीच्या तोंडाशी पाटी असते: चोवीस तासांहून जास्त राहणाऱ्या पाहुण्याने वर्दी द्यावी. ती वर्दी 'पाक एर-ते'कडे, म्हणजे चार-दोन गल्ल्यांच्या शेजारगटाच्या प्रमुखाकडे जाते. नव्या बिऱ्हाडाची पहिली ओळख त्याच्याशीच.

विक्रीच्या पाट्यांवरचा मजकूर वाचण्यासारखा असतो. 'बेबास बांजीर': पुराचं पाणी येत नाही. 'मासुक मोबिल': गल्लीत मोटार शिरते. 'देकात उई': विद्यापीठ जवळ. आणि सगळ्यांत मोलाची तीन अक्षरं, एस-हा-एम, म्हणजे पूर्ण मालकीचं प्रमाणपत्र. विकासकांच्या वसाहतींतली बरीच घरं मुदतीच्या बांधकाम-हक्कावर विकली जातात. ३० वर्षं, पुढे २० आणि ३० वर्षांची वाढ. इंडोनेशियन नागरिकाला तो हक्क पूर्ण मालकीत बदलून घेता येतो. परदेशी माणसाला नाही. १९६० च्या मूलभूत जमीन कायद्याने पूर्ण मालकी नागरिकांपुरती राखली आहे. परदेशीयाला मिळतो तो वापराचा हक्क, तोही मुदतीचा. म्हणून कोणी स्थानिक ओळखीच्या माणसाच्या नावावर घर घेतो आणि आपसात चिठ्ठी करून ठेवतो. जकार्त्यात नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांना कोणी ही वाट सुचवली, तर त्यांनी सरळ नाही म्हणावं. याच कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे असा व्यवहार मुळातूनच रद्द ठरतो, आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. परदेशीयाशी लग्न केलेल्या इंडोनेशियन माणसाचीही यात फार कोंडी व्हायची, कारण लग्नानंतरची मिळकत सामायिक धरली जाते. २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने लग्नानंतरही मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार मान्य केला. त्या निकालाने कितीतरी घरांचा श्वास मोकळा झाला.

हा कायदा इतका कडक का, हे समजायला शास्तेलाइनच्या काळात जावं लागतं.

तो १६५७ चा, अॅमस्टरडॅमचा. वडील फ्रान्समधले प्रॉटेस्टंट. १६७५ मध्ये तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बटाव्हियाला उतरला. आपल्या वेंगुर्ल्याला जिची वखार होती, तीच ही कंपनी. हिशेबनीस म्हणून सुरुवात करून तो वर चढला, मग वरिष्ठांच्या धोरणाशी पटेना म्हणून नोकरी सोडून जमिनी घेऊ लागला. १६९६ मध्ये त्याने डेपोक घेतलं. मळे कसायला बाली, सुलावेसी अशा ठिकाणचे गुलाम आणले, सुमारे दीडशे.

मृत्युपत्रात जमिनीबरोबर तीनशे म्हशी, दोन गमेलान वाद्यसंच आणि साठ भाले अशी देणगीची यादी सांगतात. जुगार, अफू यांना बंदी होती, आणि चिनी व्यापाऱ्यांना डेपोकमध्ये वस्ती करायला मनाई होती. ते जिथे मुक्काम करत ते पोंडोक चिना. आज ते लोकलचं स्टेशन आहे आणि विद्यार्थ्यांनी फुललेलं असतं. वारसांची बारा घराणी झाली: योनाथान्स, लॉरेन्स, बाकास, लून, सुदीरा, इसाक, सॅम्युएल, लिआंडर, जोसेफ, याकोब, थोलेन्से आणि झाडोक. झाडोक हे आडनाव पुरुष वारस न उरल्याने संपलं. बाकीची अकरा टिकून आहेत.

शास्तेलाइनचं मला निर्भेळ कौतुक करवत नाही. ज्यांच्या घामावर मळे पिकले त्यांना स्वातंत्र्य मिळालं ते मालक मेल्यावर, आणि जमीन मिळाली ती धर्म स्वीकारला म्हणून. तरीही, त्या काळच्या जावात गुलामांच्या हाती अख्खं गाव सोपवणारा दुसरा दस्तऐवज माझ्या वाचनात आलेला नाही. त्या माणसांनी पुढे ते गाव दोन शतकांहून अधिक काळ सांभाळलं, याचं श्रेय मात्र मी त्यांनाच देतो. चर्च, शाळा, १८७३ ची आगगाडी, निवडलेला स्वतःचा 'प्रेसिडेंट', घरात डच भाषा. आजूबाजूचे शेतकरी त्यांची जमीन कसत आणि वाटा भरत. दिसायला हे लोक शेजाऱ्यांसारखेच, पण त्यांना नाव पडलं 'बलांदा डेपोक', डेपोकचे डच.

ऑक्टोबर १९४५ मध्ये हे नाव त्यांच्या जिवावर उठलं. स्वातंत्र्य जाहीर होऊन दोन महिनेही झाले नव्हते. जमावांनी घरं लुटली, काही माणसं मारली. पुरुषांना बोगोरच्या पालेदांग तुरुंगात नेलं, बायकामुलांना गावच्या कचेरीत डांबलं. त्यांना सोडवायला आलेल्या ब्रिटिश फौजेत गुरखे होते. या घटनेला 'गेडोरान' म्हणतात. तिचं वर्णन बहुतेक ठिकाणी डचधार्जिण्यांवरचा राग असं केलेलं आढळतं. मला ते अपुरं वाटतं. खंड घेणारा आणि खंड भरणारा यांच्यातलं जुनं वैर त्यात होतं, आणि एका मेलेल्या माणसाच्या अटीमुळे गुलामांची नातवंडं-पणतवंडं खंड घेणाऱ्यांच्या बाजूला उभी होती. त्यांनी ती बाजू निवडली नव्हती.

मग आलं १९५२. नव्या सरकारने खासगी जहागिरी ताब्यात घेतल्या, त्यात डेपोकही. नुकसानभरपाई ठरली २,२९,२६१ रुपिया आणि २६ सेन. राहती घरं, चर्च, शाळा, सभागृह, दफनभूमी तेवढी मालकांकडे राहिली. ही मिळकत सांभाळायला वारसांनी ४ ऑगस्ट १९५२ रोजी शास्तेलाइनच्या नावाने संस्था काढली. आठ वर्षांनी आलेल्या जमीन कायद्याने डच काळातली 'एखेंडोम' मालकी मोडीत काढली आणि ती नव्या हक्कांत बदलून घ्यायला वीस वर्षांची मुदत दिली. अनेक कुटुंबं तोवर नेदरलँड्सला निघून गेली होती. परक्यांच्या हातात जमीन जाऊ द्यायची नाही हा त्या कायद्याचा हट्ट मला पटतो.

त्या बदलाचे धागे आजच्या खरेदीदाराच्या पायांत गुंततात. जुन्या वस्त्यांत अजून 'गिरिक' दाखवून जमीन विकली जाते. गिरिक म्हणजे सारा भरल्याची नोंद. आपला सातबाराही महसुली नोंदच, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे कोर्टाची पायरी चढल्यावर कळतं. तिथेही तसंच. २०२१ च्या नियमांनी असे कागद नोंदवून घ्यायला पाच वर्षं दिली, म्हणजे फेब्रुवारी २०२६ पर्यंत. त्यानंतर ते निव्वळ दुवे उरतात. म्हणून जमीन कार्यालयात प्रमाणपत्र तपासल्याशिवाय आणि अधिकृत दस्तलेखकासमोर बसल्याशिवाय एक रुपियाही देऊ नये. कर दोघांनाही असतो: घेणाऱ्याला पाच टक्क्यांपर्यंत, विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे अडीच. डेपोकच्याच चिमांगिसमध्ये २०१८ पासून आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठाचं आवार उभं राहू लागलं, तेव्हा जुने कागद घेऊन हक्क सांगणारे रहिवासी पुढे आले. सरकारी जमीन म्हणून त्यांची घरं हटवली गेली.

शास्तेलाइनच्या मृत्यूला तीनशे वर्षं झाली तेव्हा, २०१४ मध्ये, वारसांनी त्याचा स्मारकस्तंभ पुन्हा उभारला. मूळचा स्तंभ १९१४ चा, तो साठच्या दशकात पाडला गेला होता. नवा उभारला तो संस्थेच्याच जागेत, हरापान इस्पितळासमोर. १९४५ मध्ये बायकामुलांना जिथे डांबलं होतं, ती जुनी कचेरी म्हणजेच हे इस्पितळ. शहर प्रशासनाने हरकत घेतली: हा वसाहतवादी, याचं स्मारक कशाला? प्रशासनाचं म्हणणं खोटं नाही, शास्तेलाइन वसाहतवादीच होता. पण आपल्या पूर्वजांना कोणी सोडलं आणि काय दिलं, हे आपल्या जागेत, आपल्या खर्चाने लिहून ठेवायचा त्या अकरा घराण्यांचा हक्क मला निर्विवाद वाटतो.