वक्र रेषेवरची देवनागरी

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा कचेऱ्यांवरील पाट्यांबरोबर आणखी एक लहानशी वस्तू बदलणे प्राप्त झाले. ती म्हणजे त्या मुलखातील ग्रामपंचायतींचे, शाळांचे आणि सहकारी सोसायट्यांचे गोल शिक्के. वरच्या कमानीत संस्थेचे व गावाचे नाव आणि खालच्या कमानीत तालुका व जिल्हा, अशी या शिक्क्यांची सर्वसाधारण मांडणी असते. म्हणून खालच्या कमानीतील ‘परभणी’ जाऊन तेथे ‘हिंगोली’ येणे ओघानेच आले. दाखला घेऊन जाणाऱ्याला हा बदल एका शब्दापुरता वाटेल. परंतु ज्याला ती अक्षरे वर्तुळाच्या परिघावर बसवावयाची असतात, त्याच्या दृष्टीने या दोन नावांत पुष्कळ अंतर आहे. ‘परभणी’त चार अक्षरे आणि शेवटी एक वेलांटी, एवढाच पसारा, ‘हिंगोली’त अक्षरे तीनच, पण त्यांवर पहिली वेलांटी, अनुस्वार, काना-मात्रा आणि दुसरी वेलांटी असा सारा सरंजाम. हा सरंजाम घेऊन देवनागरी शब्द वक्र रेषेवर कसा चढतो, संगणक त्याला कसा चढवतो आणि पुष्कळदा त्याची शिरोरेषा वाटेत का तुटते, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण ज्या शिक्क्यावाचून दाखला रुजू होत नाही, त्यावरील अक्षर शुद्ध आणि सुबक असावे, ही अपेक्षा वाजवी आहे.

संगणकावर चित्र दोन रीतींनी साठविता येते. एका रीतीत ते बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी असते, आणि मोठे केले की तिचे ठिपके दिसू लागतात. दुसऱ्या, म्हणजे व्हेक्टर रीतीत संगणक केवळ बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्रांची सूत्रे लक्षात ठेवतो, त्यामुळे तेच चित्र शिक्क्याएवढे काढा की गावाच्या कमानीएवढे, त्याची कड सारखीच रेखीव राहते. या वक्रांचे गणित मोटारींच्या कारखान्यांत जन्मले. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारीच्या पत्र्याचे वळण अचूक मांडण्यासाठी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही रीत शोधली, आणि पुढे ती बेझिएच्या नावाने रूढ झाली. दोन टोके आणि वळणाला ओढ देणारे दोन बिंदू, अशा चार बिंदूंनी एक वक्र ठरतो. असे चार वक्र जोडून जे वर्तुळ होते, त्यात आणि खऱ्या वर्तुळात त्रिज्येच्या दहा हजार भागांपैकी सुमारे तीन भागांपेक्षा अधिक तफावत राहत नाही.

अशा वक्राला वाट मानून तिच्यावर मजकूर बसविण्याची सोय कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर आणि २००३ साली सुरू झालेले, कोणालाही विनामूल्य वापरता येणारे इंकस्केप या सर्व चित्रकामाच्या सॉफ्टवेअरांत आहे. आणि २००१ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एसव्हीजी हे प्रमाण मंजूर केले, त्यात या सोयीचे नियमही नोंदविले आहेत. संगणक प्रथम वाटेचे लहान लहान तुकडे पाडून तिची लांबी मोजतो आणि आरंभापासून किती अंतरावर कोणता बिंदू येतो याचा तक्ता तयार करतो. नंतर प्रत्येक अक्षराच्या रुंदीचा मध्य या तक्त्याप्रमाणे वाटेवरील त्याच्या जागी ठेवतो, त्या बिंदूशी वाटेची जी स्पर्शिका असेल तिच्या दिशेने ते अक्षर फिरवतो, आणि पुढच्या अक्षराकडे वळतो. ज्या अक्षराचा मध्य वाटेच्या बाहेर पडतो ते छापलेच जात नाही. लांबलचक गावाच्या नावाचे शेवटचे अक्षर कधीकधी गडप झालेले आढळते, त्याचे कारण हेच.

या साऱ्या व्यवस्थेत एक गृहीत लपलेले आहे: अक्षर पायरेषेवर उभे असते आणि शेजारच्या अक्षरापासून सुटे असते. रोमन लिपीला हे गृहीत लागू पडते. वर्तुळाच्या वरच्या कमानीत रोमन अक्षरे उभी केली म्हणजे त्यांचे माथे एकमेकांपासून थोडे फाकतात, पण तेथे जोडलेले असे काही नसल्यामुळे काही तुटत नाही. देवनागरीची गोष्ट निराळी. आपली अक्षरे दाराच्या तोरणातील पानांप्रमाणे वरच्या रेषेला लोंबकळतात; रेषा तुटली की शब्दाचे ऐक्य गेले.

ही तूट किती पडते, हे साध्या हिशेबाने कळते. ‘ग्रामपंचायत कार्यालय नर्सी नामदेव’ हे सोळा अक्षरांचे शब्द वरच्या अर्धवर्तुळात बसवावयाचे आहेत, पायरेषेची त्रिज्या १५ मिलिमीटर आहे आणि पायापासून शिरोरेषेपर्यंत अक्षराची उंची २.५ मिलिमीटर आहे, असे धरू. पायाशी अर्धवर्तुळाची लांबी सुमारे ४७ मिलिमीटर भरते, तर शिरोरेषेच्या पातळीवर तीच ५५ मिलिमीटर होते. मधले आठ मिलिमीटर कोठून तरी भरून निघावे लागतात, आणि संगणक ते अक्षराअक्षरांमध्ये वाटून टाकतो. म्हणजे दर अक्षरामागे सुमारे अर्ध्या मिलिमीटरची फट शिरोरेषेत पडते. खालच्या कमानीत, जेथे अक्षरांचे माथे वर्तुळाच्या केंद्राकडे असतात, तेथे याच्या उलट घडते: शिरोरेषेला जागा अपुरी पडून अक्षरे एकमेकांवर चढतात.

दुसरी अडचण काना, मात्रा व वेलांट्यांची. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टांत वेलांटी, अनुस्वार, रफार हे सारे सुटे तुकडे मानले जात; सरळ ओळीत ते शेजारी शेजारी नीट बसत, परंतु वक्र वाटेवर प्रत्येक तुकडा आपापल्या मध्याभोवती वेगळा फिरे, आणि ‘हिं’ची वेलांटी ‘ह’पासून निखळून पडे. डीटीपीच्या दुकानांतून असे फॉन्ट अद्यापही वापरात आहेत. युनिकोडातील मजकुरात ‘हिं’ हे एक अविभाज्य अक्षर धरून एकत्र फिरविण्याची व्यवस्था आहे, म्हणून शिक्क्याच्या कामाला युनिकोडच घ्यावा. पारख करावयाची तर हिंगोली जिल्ह्यातील नावे पुरेशी आहेत: ‘वसमत’ला एकही मात्रा-वेलांटी नसल्यामुळे ते कोठेही बसते, ‘सेनगाव’ थोडी परीक्षा पाहते, ‘कळमनुरी’त खाली उकार व वर वेलांटी असल्याने दोन्ही बाजूंची जागा तपासली जाते, आणि ‘औंढा’वरील अनुस्वार व ‘नर्सी’वरील रफार जागच्या जागी राहिले, तर ती व्यवस्था विश्वासार्ह मानण्यास हरकत नाही.

फटींवरचा उपाय मात्र फॉन्ट बदलून होत नाही. पुष्कळ कारागीर अक्षरांमधील अंतर कमी करून फटी बुजवू पाहतात, तेव्हा शिरोरेषा जुळते पण पाय एकमेकांत घुसतात. काहीजण फटींवरून निराळी कमान ओढतात, तिची जाडी मूळ शिरोरेषेशी जुळली तरच ती शोभते. मजकुराचे आकृतीत रूपांतर करून सबंध ओळ वाकविण्याचीही एक रीत आहे. तिने रेषा अखंड राहते, पण अक्षराचा घाट किंचित बदलतो आणि नंतर शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही. मूळ दोषाला हात घालणारा उपाय याहून साधा आहे: वर्तुळाची वाट पायासाठी न आखता शिरोरेषेसाठी आखावी, आणि मजकूर शिरोरेषेच्या उंचीइतका त्या वाटेखाली उतरवावा. मग अक्षरांतील अंतर शिरोरेषेच्या पातळीवर मोजले जाते, ती अखंड राहते, आणि जी तडजोड करावयाची ती पायाशी होते. ही तडजोड देवनागरीला सोसते. कारण त, न, ग, च अशा कितीतरी अक्षरांच्या पायाशी केवळ एक उभा दंड असतो व त्याच्या डावीकडे मोकळी जागा असते. उकार आणि जोडाक्षरे दाटली, तर अंतर न वाढविता अक्षराचा आकार थोडा लहान करावा. अंतर वाढविले की रेषा पुन्हा तुटते. खालच्या कमानीलाही हाच नियम चालतो. तेथे पाय बाहेरच्या बाजूस असल्याने त्यांना उलट अधिक ऐसपैस जागा मिळते.

ही युक्ती नवीही नाही. मोडी लिहिणारा जुना कारकून प्रथम कागदाच्या रुंदीभर आडवी रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. रेषा आधी आणि अक्षर मागाहून, हा क्रम त्याच्या हाताला ठाऊक होता. प्रमाणे ठरविणाऱ्यांनीही पायरेषांच्या प्रकारांत लोंबत्या लिप्यांसाठी निराळी पातळी मान्य केली आहे. वाटेवरील मजकुरासाठी तीच पातळी आपोआप निवडली जाईल, एवढी सोय सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी द्यावी, ही मागणी मराठी वापरणाऱ्यांनी आग्रहाने केली पाहिजे.

तोवर शिक्का करवून घेणाऱ्या सरपंचांनी, मुख्याध्यापकांनी आणि सोसायटीच्या सचिवांनी एक दक्षता घ्यावी. रबर कापण्यासाठी नक्षा उलटा करण्यापूर्वी तो सुलटा छापून घ्यावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात: शिरोरेषा कोठे तुटली आहे काय, वेलांटी व अनुस्वार आपापल्या अक्षरावर आहेत काय, आणि शेवटचे अक्षर शाबूत आहे काय. तिन्हींचे उत्तर समाधानकारक असल्यावाचून त्या शिक्क्याला मंजुरी देऊ नये.