सुवर्चेचा शाप आणि परमवीर चक्र

सावित्रीबाई खानोलकरांची गोष्ट दर प्रजासत्ताक दिनाच्या आसपास कुठे ना कुठे सांगितली जाते, आणि बहुधा एकाच साच्यात. २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या नशातेल इथे जन्मलेली ईव्ह इव्होन. वडील हंगेरियन, आई रशियन. इंग्लंडात सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेणाऱ्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी तिची ओळख होते. वडिलांचा विरोध असूनही ती भारतात येते, १९३२ मध्ये लग्न करते, सावित्री होते, साडी नेसते, मांसाहार सोडते, मराठी आणि संस्कृत शिकते आणि पुढे देशाच्या सर्वोच्च युद्धकालीन शौर्यपदकाचे, परमवीर चक्राचे रेखाटन करते. यातले काहीही खोटे नाही. पण या मांडणीत सगळा भर ‘परकी असून आपली झाली’ यावर पडतो, आणि त्या कौतुकात आपण आपलीच पाठ थोपटून घेत असतो. लग्न आणि पदक यांमधली जवळजवळ अठरा वर्षे तर दोन वाक्यांत उरकली जातात. माझ्या मते परमवीर चक्राचा अर्थ लागतो तो त्याच वर्षांमुळे. एका युरोपीय विदुषीची करामत म्हणून ते जितके कळते, त्याहून जास्त कळते ते छावणीत संसार केलेल्या फौजी अधिकाऱ्याच्या पत्नीचे, एका आईचे काम म्हणून.

ती अठरा वर्षे साधी नव्हती. शीख रेजिमेंटमधल्या नवऱ्याच्या बदल्या, त्यामागे हलणारे बिऱ्हाड, मुली, मग दुसरे महायुद्ध आणि त्यापाठोपाठ फाळणी. फौजेतल्या बायकांना गाव नसते, मुक्काम असतात. पण सावित्रीबाईंनी मुक्काम वाया घालवला नाही. नवऱ्याची बदली पाटण्याला झाली तेव्हा त्यांनी तिथल्या विद्यापीठात संस्कृतचा अभ्यास केला. वेद, उपनिषदे, पुराणे वाचली. चित्रकला आणि नृत्यही सोडले नाही. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश पदकांच्या जागी भारतीय पदके तयार करण्याची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आली. स्वतंत्र भारताचे ते पहिले भारतीय ॲडज्युटंट जनरल. त्यांनी हे काम सावित्रीबाईंना सांगितले. म्हणजे एवढे राष्ट्रीय काम कुठल्या कलाशाळेकडे गेले नाही, ते फौजेच्या ओळखीतल्या एका घरी आले. वशिला म्हणून हे उडवून लावता येईल, पण मला त्यात दुसरेच दिसते. फौजेला कोणत्या गोष्टीचा गौरव करायचा आहे, हे जिला वेगळे समजावून सांगावे लागणार नव्हते अशी ती व्यक्ती होती.

आता पदकाकडे पाहू. साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे कांस्याचे वर्तुळ, मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे. मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजीत पदकाचे नाव आणि दोन नावांच्या मध्ये कमळे. फीत साधी, जांभळी. खालच्या पायरीवरची महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदके चांदीची आहेत. सर्वोच्च पदक मात्र त्यांच्याहून स्वस्त धातूचे. ब्रिटिशांचा व्हिक्टोरिया क्रॉसही कांस्याचाच होता, तेव्हा धातूचे श्रेय परंपरेला द्यावे लागेल. चिन्हाचे तसे नाही. व्हिक्टोरिया क्रॉसवर राजमुकुटावर उभा सिंह आहे, सत्ता आणि पराक्रम एकाच ठशात. पौराणिक शस्त्रच हवे असते तर आपल्याकडे त्यांची काय कमी? सुदर्शन आहे, त्रिशूळ आहे, पाशुपतास्त्र आहे, गांडीव आहे. ही सगळी देवाने दिलेली किंवा तपाने मिळवलेली शस्त्रे. वज्र तेवढे माणसाच्या हाडांचे. वृत्रासुर कोणत्याही शस्त्राने मरेना, तेव्हा देव दधीची ऋषींकडे गेले, त्यांनी देह सोडला आणि त्यांच्या अस्थींपासून वज्र घडले. अस्थींचा हा धागा जुना आहे, ऋग्वेदातही त्याचा उल्लेख येतो. इतक्या शस्त्रांमधून वज्र निवडणे म्हणजे मारणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला वरचे स्थान देणे. जिंकणारा इंद्र पदकावर येतो तो दुसऱ्याच्या हाडांच्या आधाराने.

दधीचींची कथा आपल्याकडे शाळेत सांगतात ती इथेच संपते. पुराणात ती संपत नाही. शिवपुराणात दधीचींची पत्नी सुवर्चा आहे. नवरा गेला तेव्हा ती तिथे नव्हती. परतल्यावर तिला कळते की देव येऊन त्याची हाडे घेऊन गेले. ती देवांना शाप देते. सती जायला निघते, पण पोटात मूल आहे म्हणून आकाशवाणी तिला थांबवते. ते मूल म्हणजे पिप्पलाद, पिंपळाखाली सोडावे लागलेले. वृत्र मेला, स्वर्ग परत मिळाला, त्रैलोक्य सुखी झाले. तरी पुराणकाराला त्या बाईचा संताप गाळावासा वाटला नाही. हे विशेष आहे. संस्कृत पुराणे मुळातून वाचलेल्या आणि स्वतः फौजीची बायको असलेल्या स्त्रीच्या नजरेतून ही कथा अर्धीच गेली असेल, हे मला पटत नाही. पुढचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळाले, त्यांतले १४ मरणोत्तर. म्हणजे तीनपैकी दोन वेळा हे पदक छातीवर लागले नाही. ते कुणा बायकोच्या, आईच्या किंवा वडिलांच्या हातात ठेवले गेले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हे सगळे चिन्हात नंतर घुसवलेले अर्थ आहेत. पुराणांची अभ्यासक असलेली कुणीही व्यक्ती वज्र निवडू शकली असती. त्यासाठी बायको किंवा आई असण्याची गरज काय? आक्षेपात तथ्य आहे. सुवर्चा सावित्रीबाईंच्या मनात होती, हा माझा तर्क आहे आणि त्याला तर्काइतकेच वजन द्यावे. पण तो बाजूला ठेवला तरी निवड उरते. केवळ विद्वत्तेला अनेक वाटा मोकळ्या होत्या. त्यांतली एक का घेतली, याचे उत्तर विद्वत्तेत सापडत नाही. जिच्या ओळखीच्या घरांत युद्धकाळात तारा येत होत्या, तिने शौर्याचे चिन्ह म्हणून तलवार न घेता देहदान घ्यावे, हा योगायोग मानणे मला जास्त अवघड वाटते.

दुसरा आक्षेप जड आहे. सावित्रीबाई अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या. बंगला, पुस्तके, विद्यापीठ त्यांच्या वाट्याला आले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात, जिथे पिढ्यानपिढ्या घराघरांतून माणूस फौजेत गेला, तिथल्या जवानाच्या बायकोचे आयुष्य यातून कसे कळणार? तिचा मुक्काम हलत नाही, नवराच सुट्टीला येतो. शेत, सासू-सासरे आणि मुलांची शाळा तिच्या एकटीच्या अंगावर. हा फरक खरा आहे आणि तो झाकू नये. पण फौजी स्त्री केवळ वाट पाहत बसते हा समज जवानाच्या घरीही टिकत नाही. १९६५ च्या लढाईत खेमकरणजवळ पाकिस्तानी रणगाडे फोडून हवालदार अब्दुल हमीद धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी रसूलनबीबी त्यानंतर जवळजवळ चोपन्न वर्षे, २०१९ पर्यंत, जगल्या. नवऱ्याच्या स्मृतीसाठी त्या म्हातारपणीही दिल्लीपर्यंत गेल्या आणि २०१७ मध्ये लष्करप्रमुखांना गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावी आणले. पदकाच्या पुस्तकात नोंद असते ती हमीद यांच्या एका लढाईची. रसूलनबीबींच्या अर्ध्या शतकाची दखल घेणारा रकाना त्यात नाही.

याच आक्षेपाची आणखी एक धार आहे. त्यागाचे सुंदर चिन्ह तयार करून आपण विधवेचे हाल झाकत तर नाही ना? वीरपत्नीला व्यासपीठावर शाल द्यायची आणि घरी तिच्या कपाळावरचे कुंकू पुसायचे, हा दुटप्पीपणा महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ साली, परमवीर चक्र सुरू होऊन बहात्तर वर्षे झाल्यावर. पदकाने समाज सुधारत नाही हे मान्य करायलाच हवे. मात्र हा दोष वज्रावर टाकता येणार नाही. दधीची लक्षात ठेवून सुवर्चा विसरणे हे आपले काम आहे.

सावित्रीबाईंच्या बाबतीतही हेच झाले. पहिले परमवीर चक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा हे त्यांच्या थोरल्या मुलीचे दीर, हा योगायोग प्रत्येक लेखात येतो. तो चटकदार आहे, पण त्यातून कळते ते एवढेच की त्या काळच्या अधिकारी कुटुंबांचे जग लहान होते. त्या मानाने १९५२ चा उल्लेख क्वचित होतो. त्या वर्षी मेजर जनरल विक्रम खानोलकर वारले आणि सावित्रीबाई चाळिशीच्या आत विधवा झाल्या. पुढची अडतीस वर्षे, २६ नोव्हेंबर १९९० पर्यंत, त्या जगल्या. त्यांनी रामकृष्ण मठाचा आधार घेतला, फाळणीचे निर्वासित आणि सैनिकांच्या विधवा यांच्यासाठी काम केले आणि महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत १९५० नंतर एखादा परिच्छेद असतो, कधी तोही नसतो. चरित्रकाराने सुरुवात करावी ती तिथून. नशातेल ते भारत हा प्रवास पुष्कळ लिहून झाला आहे.