एक द्वारपाल, तीन ओळखी

साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर जाताना एकामागून एक दोन महाद्वारे ओलांडावी लागतात. अजिंक्यताऱ्याला मात्र मुख्य दरवाजाखेरीज दक्षिणेकडेही एक दरवाजा आहे. पहिल्या गडावर शत्रूला दोन्ही दारे फोडावी लागतील. दुसऱ्यावर जे दार कच्चे, तेवढे एकच फोडले तरी पुरे. हा फरक ध्यानात ठेवा.

समजा, सांगलीतील एका महाविद्यालयात शेकडो संगणक आहेत. त्यांची इंटरनेटवरची प्रत्येक मागणी एकाच संगणकामार्फत बाहेर जाते. हा प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे प्रतिनिधी संगणक. तो द्वारपालाचेही काम करतो. ओळख न सांगता मागणी आली, की तो ४०७ या क्रमांकाचे उत्तर धाडतो. त्याचा अर्थ, ‘आधी ओळख पटवा.’ ओळख कोणकोणत्या रीतींनी पटवता येईल, याची यादीही तो सोबत देतो.

पहिली रीत ‘बेसिक’. यात नाव आणि परवलीचा शब्द ६४ चिन्हांच्या एका ठरावीक लिपीत लिहून पाठवतात. पण लिपी म्हणजे कुलूप नव्हे! मोडी न येणाऱ्याला मोडी पत्र गूढ वाटते. जाणकार ते सहज वाचतो. तसेच हे.

दुसरी रीत ‘डायजेस्ट’. समजा, तुमचा गुप्त अंक २३ आहे आणि तो द्वारपालालाही ठाऊक आहे. त्याने तुम्हाला ४१ हा अंक दिला. दोहोंचा गुणाकार ९४३. त्याला ९७ ने भागले, तर बाकी ७० उरते. तुम्ही फक्त ७० कळवायचे. द्वारपालही तेच गणित करून ताळा पाहतो. पुढच्या वेळी तो दुसरा अंक देईल, म्हणून चोरलेले ७० निरुपयोगी! खऱ्या पद्धतीतले गणित उलटे सोडवणे याहून कितीतरी अवघड असते.

तिसरी रीत ‘केर्बेरॉस’. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८० च्या दशकात ती तयार झाली. यात एक विश्वासू संगणक ओळख तपासून काही तासांपुरते तिकीट देतो आणि द्वारपाल ते पाहतो. चोरलेले तिकीट पुन्हा चालू नये म्हणून वेळही तपासली जाते. दोन संगणकांच्या घड्याळांत सहसा ५ मिनिटांहून अधिक अंतर चालत नाही.

मग तिसरीच रीत का ठेवू नये? कारण पाहुण्याच्या फोनला किंवा जुन्या यंत्राला ती जमेलच असे नाही. म्हणून ‘स्क्विड’सारख्या प्रॉक्सी कार्यक्रमात अनेक रीती एकामागून एक लिहून ठेवता येतात. ब्राउझरने त्यांतली आपल्याला जमणारी सर्वांत बळकट रीत निवडावी, असा नियम आहे. परंतु काही जुने ब्राउझर ‘बेसिक’ पहिली दिसताच तीच उचलत. म्हणून बळकट रीत आधी लिहावी.

एवढ्याने भागते का? नाही. वाटेत बसलेला लबाड द्वारपालाच्या यादीतून बळकट रीती खोडून फक्त ‘बेसिक’ पुढे पाठवू शकतो. बिचारा ब्राउझर तीच वापरतो आणि परवलीचा शब्द लबाडाच्या हाती पडतो. मग गैरकृत्य त्याचे, पण द्वारपालाच्या नोंदवहीत नाव तुमचे!

आता सज्जनगड आणि अजिंक्यतारा आठवा. यादीतल्या तीन रीती म्हणजे तिप्पट सुरक्षा नव्हे. ती शेजारशेजारची तीन दारे होत. म्हणून ‘बेसिक’ बंद करावी. ठेवणे भागच असेल, तर ब्राउझरपासून द्वारपालापर्यंतची सारी वाट कूटबद्ध करावी.

करून पाहा : गुप्त अंक २३ च आहे, पण द्वारपालाने या वेळी ५८ दिला. तुम्ही काय कळवाल? (उत्तर : ७३)